झाडवाल्या काकांचं शिपणं

बोर्ली पंचतनच्या बाजारात माझं दुकान आहे. झेरॉक्स, टायपिंग आणि लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देणं. दुकानाच्या डोक्यावर घरमालक राहायचे. पुढे उघडी गच्ची, मागे कौलारू खोली. जागेची बोलणी करायला मी पहिल्यांदा जिना चढून गेले, तेव्हा ते गच्चीच्या कोपऱ्यात आंबे काढायचा झेला आभाळात धरून उभे होते. लांब बांबू, टोकाला जाळी. मी वर पाहिलं. जवळपास आंब्याचं एकही झाड नव्हतं. जाळीत मोबाइल होता.

"जरा थांबा ताई," ते मान न वळवता म्हणाले. "शिपणं चाललंय."

माझं माहेर नागावचं, नारळाच्या वाडीतलं. वाडीला पाणी घालणं म्हणजे शिपणं, हे मला कुणी सांगायला नको होतं. पण मोबाइलनं वाडी शिपणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. जागा घ्यायची की नाही याची मी घरून एक यादी करून नेली होती. पाणी, वीज, रस्ता, पावसात ओल येते का. त्या यादीत घरमालकाचं डोकं हा मुद्दा नव्हता. तो मी जिन्यावरच शेवटी जोडला आणि तरीही जागा घेतली. का घेतली ते नक्की सांगता येणार नाही. बहुतेक त्यांनी शिपणं आटोपल्यावर पहिला प्रश्न विचारला म्हणून. "तुम्ही नागावला शिपणं म्हणता की शिंपणं?"

"शिंपणं," मी म्हटलं.

"तुम्ही शाळेत गेलात म्हणून," ते म्हणाले, आणि खिन्न झाले.

बाजारात त्यांना सगळे झाडवाले काका म्हणायचे. मीही काका म्हणू लागले. तरुणपणी ते मुंबईत कॉम्प्युटरच्या कामात होते. वडील अंथरुणाला खिळले म्हणून थोड्या दिवसांसाठी गावी आले ते राहिलेच. वाडी होती, पोफळी होत्या, मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली होती. आणि त्यांचं ते झाड होतं.

ते झाड काय, हे मला समजायला बरेच दिवस लागले, तेव्हा इथे सरळ सांगून टाकते. मजकूर लिहायचं एक फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे. माझ्या दुकानात तेच चालतं. असं सॉफ्टवेअर ज्या मूळ लिखाणातून तयार होतं त्याला सोर्स कोड म्हणतात. हजारो फाइली, फोल्डरच्या पोटात फोल्डर, त्याच्या पोटात आणखी. म्हणून त्या सगळ्या पसाऱ्याला त्या धंद्यात झाडच म्हणतात. मूळ झाड परदेशात कुठेतरी, आणि जगभरची माणसं त्यात रोज काहीतरी बदल करत असतात. ते कुणालाही घरी आणता येतं. काकांनी आणलं होतं. घरचं झाड मूळ झाडाच्या बरोबरीनं ताजं ठेवायचं, तिकडे जे बदललं ते इकडे आणायचं, याला ते शिपणं म्हणायचे.

आता यात इंटरनेट लागतं, आणि बोर्लीला तेव्हा ते जेमतेमच होतं. रेंज यायची ती गच्चीच्या एकाच कोपऱ्यात, तीही माणसाच्या उंचीच्या वर. म्हणून झेला. वर मोबाइल, खाली खुर्चीवर लॅपटॉप, मधे काका. वारा सुटला की दोन्ही हातांनी बांबू धरून ते देवळाच्या काठीसारखे ताठ उभे राहायचे. त्या वेळात कुणी फोन केला की नेट तुटायचं. त्यामुळे पुण्याची मुलगीसुद्धा आधी माझ्या दुकानात फोन करून विचारायची, "बाबा शिपण्यात नाहीत ना?"

झाडाची पहिली प्रत मुंबईच्या एका जुन्या मित्रानं डिस्कवर भरून एसटीच्या पार्सलनं पाठवली होती. ते अख्खं इथल्या नेटवर उतरवायचं म्हटलं असतं तर मोबाइलही म्हातारा झाला असता आणि मीही, असं काका सांगायचे. त्यानंतर मात्र रोज फक्त फरक आणायचा. काल होतं त्यात आज काय वेगळं झालं, तेवढंच.

"रोज झाड उपटून घरी कशाला आणायचं? नवी पालवी तेवढी आणायची."

मी व्यवहारी बाई. मी म्हटलं, "काका, महिन्यातून एकदा माणगावला जा. तिथं नेट चांगलं आहे. एकदम उतरवून घेऊन या."

"वाडीला महिन्यातून एकदा शिपतात का हो तुमच्या नागावला?"

मी जिना उतरून परत दुकानात आले. त्यांच्याशी बोलताना असं फार वेळा व्हायचं.

रेंज मधेच जायची. ती गेली की ते चिडत नसत. "तुटलं तिथूनच पुढे," एवढं म्हणून बांबू वीतभर सरकवायचे. सगळं आलं की लॅपटॉप एकेक फाइल ताडून बघायचा, अर्धवट काही आलंय का म्हणून. तेवढा वेळ काका डोळे मिटून बसत. "जुळलं" असं स्वतःशी म्हणत आणि मगच चहा घेत. ज्या दिवशी जुळायचं नाही त्या दिवशी चहा नाही. पुढे माझ्या दुकानात तारेचं कनेक्शन आलं, तेव्हा गच्चीवर अगदीच जमलं नाही की ते दुपारी दुकान बंद असताना खाली यायचे. लॅपटॉप पंचात गुंडाळलेला. जागा त्यांची स्वतःची, पण दार वाजवून विचारायचे, "ताई, तुमच्या विहिरीतून दोन पोहरे घेऊ का?"

लोकांचा गोंधळ व्हायचा तो झाड या शब्दानं. एकदा तळा गावाहून एक टेम्पोवाला आला. वयानं काकांच्या बरोबरीचा, धिप्पाड, हातात चाव्यांचा झुबका. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की बोर्लीला झाडवाले काका आहेत, त्यांच्याकडचं झाड जुनं आणि खात्रीचं. मी त्याला वर पाठवलं. खूप वेळ तो खाली येईना, म्हणून मी चहाचं निमित्त काढून गेले.

टेम्पोवाला खुर्चीत अवघडून बसला होता आणि काका त्याला लॅपटॉपवर काहीतरी दाखवत होते.

"...ही झाली मूळ फांदी. आणि ही माझी. तिकडे बदल झाला की मी माझी सोडवून घेतो आणि नव्यावर पुन्हा कलम बांधतो."

"कलम म्हंजे आंब्याचं व्हय?" टेम्पोवाल्यानं विचारलं.

"तसंच. पण हे रोज बांधावं लागतं."

"रोज?" टेम्पोवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. "मला आपली नारळाची रोपं हवी होती."

"ती नाहीत," काका म्हणाले. "पण आलाच आहात तर माझी फांदी घेऊन जा. अख्खं झाड तुम्हाला न्यायला जमायचं नाही. फांदी लहान आहे. पेन ड्राइव्ह आहे?"

होता. चाव्यांच्या झुबक्यातच होता, टेम्पोत गाणी लावायचा. आलेल्या माणसाला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही, म्हणून काकांनी आपली फांदी त्यात भरून दिली. आपल्याला काहीतरी दिलंय, तेव्हा नाही म्हणू नये, म्हणून टेम्पोवाल्यानं ती घेतली. जिना उतरताना तो मला हळूच म्हणाला, "ताई, मानूस चांगला हाय. पन ह्यांना उन्हात जाऊ देत जाऊ नका."

तर ही फांदी. काकांची खरी गोष्ट तीच आहे.

आमच्या कॉम्प्युटरला जो शब्द ठाऊक नसतो त्याच्याखाली तो लाल रेघ मारतो आणि स्वतःच्या मनानं दुसरा शब्द सुचवतो. मी नवीन होते तेव्हा भरडखोलच्या मच्छीमारांचा एक अर्ज टाइप केला. 'दर्यात गेलेल्या होड्या' असे शब्द त्यात जागोजागी होते. कॉम्प्युटरनं प्रत्येक 'दर्यात'खाली लाल रेघ मारली आणि 'दऱ्यांत' सुचवलं. माझी घाईची वेळ होती. मी 'सगळीकडे बदला' दाबलं. अर्ज गेला. काही दिवसांनी उत्तर आलं की होड्या दऱ्यांमध्ये कशासाठी नेल्या होत्या याचा खुलासा करावा.

सगळा बाजार हसला. मीसुद्धा हसले. काका हसले नाहीत.

"ही रेघ कुणी मारली?" त्यांनी विचारलं.

"कॉम्प्युटरनं."

"कॉम्प्युटरला कुणी सांगितलं, दर्या चूक म्हणून? त्याला कुणीतरी शब्दच दिले नाहीत. आपण दिले नाहीत." मग हळू आवाजात म्हणाले, "आमच्या बोलण्याखाली लाल रेघ असलेली मला चालत नाही."

त्यांची फांदी म्हणजे हे काम होतं. या किनाऱ्यावरचे शब्द आणि ते चालवायचे नियम, कॉम्प्युटरला समजतील असे लिहून. र्या आणि ऱ्या यांतला फरक. वाडीतले शब्द, मिठागरातले, होडीवरचे, मुसलमान मोहल्ल्यातले, वाण्याच्या दुकानातले. माझ्या बाकड्यावर बसून ते गिऱ्हाइकांचं बोलणं ऐकायचे आणि मधेच कुणाचा तरी हात धरायचे. "काय म्हणालात? पुन्हा म्हणा." लोक दचकायचे. नंतर सवय झाली. काही जण त्यांना शब्द आणून द्यायला लागले, सकाळची कोथिंबीर आणून द्यावी तसे.

भरडखोलची एक मावशी बाजारात सुकी मासळी घेऊन बसायची. तिचा कसलासा अर्ज होता. ती सांगत होती, मी टाइप करत होते. 'आगोटीच्या आधी' असं तिनं सांगितलं. पावसाच्या तोंडावर होड्या वर ओढायच्या, घर चार महिन्यांसाठी भरून घ्यायचं, त्या दिवसांना आगोट म्हणतात. मी लिहिलं. लाल रेघ आली, आणि खाली सूचना आली, 'आगाऊ'.

मावशीला वाचता येत होतं. "आगाऊ कोनाला म्हनतंय ह्ये?"

"तुम्हाला नाही मावशी. त्याला आगोट माहीत नाही."

"माहीत न्हाय तर गप बसावं. वर मलाच आगाऊ म्हनतंय!"

काका बाकड्यावरून उठले आणि तिच्या टोपलीशेजारी उकिडवे बसले. "मावशी, पुढच्या आगोटीपर्यंत ही रेघ जाईल. माझा शब्द."

"तुमचा शब्द नको, माजा शब्द घाला म्हंजे झालं," मावशी म्हणाली, आणि वर मूठभर सुकट त्यांच्या पंचात टाकली.

पुढची आगोट आली आणि गेली. रेघ तशीच राहिली. कारण फांदी काकांच्या घरच्या झाडावरच होती. मूळ झाडावर ती गेली तरच जगातल्या सगळ्या कॉम्प्युटरांना, आणि खाली माझ्या दुकानातल्याला, ते शब्द कळणार होते. त्यासाठी ती तिकडे पाठवायला हवी होती. मूळवाल्यांपैकी, म्हणजे ते मूळ झाड सांभाळणाऱ्यांपैकी, एकानं त्यांना पत्रही लिहिलं होतं. तुम्ही इतकी वर्षं इतके बारीक प्रश्न विचारता, तुमच्याकडे काही तयार असेल तर पाठवा. काकांनी ते मला वाचून दाखवलं आणि लॅपटॉप मिटला.

"मग पाठवा ना," मी म्हटलं.

"शिपणं अडलंय."

ते रोजचं शिपणं नव्हे. शिपणं हा शब्द. फांदीतला पहिला शब्द हाच असणार, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. पण तो कसा घालायचा? त्यांची आई शिपणं म्हणायची. पुस्तकात शिंपणं. अर्धा बाजार असं म्हणायचा, अर्धा तसं. काका येईल त्याला विचारायचे. उत्तर मिळालं की एक टिंब द्यायचे, दुसऱ्या दिवशी काढून टाकायचे. कॉम्प्युटरमध्ये एकदा चुकीचं गेलं की सगळ्या मुलुखाच्या तोंडी चुकीचं जाईल, अशी त्यांना धास्ती होती.

"काका, एक शब्द मागे ठेवा. बाकीचे तर जाऊ देत."

"अर्धी फांदी देतात का कुणाला? घ्यायचं काम रोजचं असतं, ताई. द्यायचं एकदाच. ते नीट द्यायचं."

दर सोमवारी मी आठवड्याची कामं लिहून काढते. त्यात 'काकांची फांदी' हे काम मी माझ्या हिशेबानं घातलं होतं. माझं असं एकही काम नाही जे मी फार दिवस पुढे ढकललंय. हे एक दर सोमवारी पुढच्या सोमवारवर जायचं. ते माझं नव्हतंच, म्हणून मला ते उरकता येत नव्हतं. मी त्यांना आठवण करायची आणि ते म्हणायचे, "पिकू द्या."

एका बाबतीत मी त्यांच्याशी सरळ भांडले. फांदीसकट झाडाच्या त्यांच्याकडे दोन प्रती होत्या, लॅपटॉपमध्ये एक आणि वेगळ्या डिस्कवर एक. दोन्ही रात्री वरच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात. मी म्हटलं, एक माझ्या दुकानात ठेवा. दोन प्रती एकाच कपाटात म्हणजे ती एकच प्रत.

"खाली पावसाचं पाणी शिरतं," ते म्हणाले. "वर काय होणार आहे?"

मग ते वादळ आलं.

त्याबद्दल इकडच्या माणसाला सांगायला नको आणि बाहेरच्याला सांगून समजत नाही. काका खाली माझ्या दुकानात बसले होते म्हणून वाचले. वरच्या खोलीची कौलं, वासे, सगळं उडालं. मागची भिंत कपाटावर आली, कपाटाचं दार वाकलं आणि त्यावर पाऊस कोसळत राहिला. खाली माझ्या दुकानात पाण्याचा थेंब आला नाही.

लॅपटॉप आणि डिस्क आम्ही कोरड्या तांदळात ठेवल्या. वीज येईपर्यंत रोज काका तांदूळ बदलत होते. वीज आली तेव्हा दोन्ही मेलेल्या निघाल्या. मी त्या मुंबईला दुरुस्तीला पाठवल्या. तिकडून निरोप आला की काही निघणार नाही.

मधल्या काळात नुकसानीची पाहणी करायला एक तरुण कर्मचारी आला होता. दिवसभर चिखलात फिरून बिचारा दमला होता. मागची वाडी समोर आडवी पडलेली. त्यानं काकांना विचारलं, "झाडं किती गेली?"

"एक."

त्यानं वाडीकडे पाहिलं. पोफळी एकमेकींवर पडून त्यांचा ढीग झाला होता. "काका, नीट सांगा. एक कसं?"

"पोफळी पुन्हा लावता येतात. गेलं ते एकच."

"बरं, जात कुठली? बाणवली नारळ?"

"मराठी."

कर्मचाऱ्यानं पेन थांबवलं. माझ्याकडे पाहिलं. मग काय वाटलं कोण जाणे, तो हसला नाही. "फळ धरत होतं?"

"यंदा धरणार होतं," काका म्हणाले.

मी पुढे झाले, त्या मुलाला वाडीत घेऊन गेले आणि पडलेल्या पोफळी-नारळांची मोजणी करून दिली. ते काम मला येतं. परत आले तेव्हा काका गच्चीच्या त्याच कोपऱ्यात उभे होते. झेला वादळात मोडला नव्हता. तो हातात घेऊन उभे होते, आणि जाळी रिकामी होती. रेंजच नव्हती कुठे.

मूळ झाड जाणार नव्हतं. ते परदेशात सुखरूप होतं, केव्हाही पुन्हा आणता आलं असतं. गेली ती फांदी, ती जगात दुसरीकडे कुठेच नव्हती. असं मी म्हटलं आणि म्हणता म्हणता मला टेम्पोवाला आठवला.

"काका, तळा!"

त्यांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांनी शर्ट बदलला. एसटी सुरू झाली त्या आठवड्यात आम्ही म्हसळ्याला गाडी बदलून तळ्याला गेलो. माझा जुना लॅपटॉप पंचात गुंडाळून काकांच्या मांडीवर. वाटेत ते बोलले ते एवढंच, "त्यात आगोट आहे. दर्याचे नियम आहेत. मोहल्ल्यातले शब्द नंतरचे, ते नसतील. पण ते आठवतील मला."

टेम्पोवाला अंगणातच भेटला. आम्हाला ओळखून खूश झाला, चहा टाकायला सांगितला. काकांनी पेन ड्राइव्हचं विचारलं तसा त्याचा चेहरा पडला.

"ती तुमची फांदी व्हय... काका, काय झालं, गाडीतला टेप त्या फोल्डरवर जाऊन अडकायचा. फुडचं गानंच लागत न्हवतं. म्हून काढून टाकली, आनि जागा झाली म्हून वर भजनं भरली. मला काय ठावं!"

"केव्हा?"

"लई दिवस झालं."

तरी काकांनी पेन ड्राइव्ह लॅपटॉपला लावून पाहिला. पुसलेलं कधी कधी परत मिळतं, पण त्यावर दुसरं काही भरलेलं नसेल तर. इथं काठोकाठ भजनं होती. टेम्पोवाला त्यांच्यासमोर हात जोडून उभा. काकांनी पेन ड्राइव्ह काढला, पंचानं पुसला आणि त्याच्या हातात दिला.

"अहो, तुमच्याकडे जागा नव्हती आणि माझ्याकडे घाई नव्हती. तुमचं काय चुकलं?" मग म्हणाले, "माझ्यामुळे कुठलं गाणं लागत नव्हतं?"

टेम्पोवाल्यानं गाडीत चढून ते लावलं. काकांनी अंगणात उभं राहून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. "चांगलं आहे," म्हणाले.

निघताना टेम्पोवाल्यानं नारळाची दोन रोपं आणून माझ्या हातात दिली. एवढ्या दिवसांत त्यानं स्वतःच रोपं करायला घेतली होती. "तवा मी झाड मागायला आलो, तुमी दिलंत. आता माझं घ्या." ती रोपं मांडीवर घेऊन आम्ही परत आलो. कंडक्टर कुरकुरला. काका त्याला म्हणाले, "लहान आहेत, त्यांना तिकीट लागत नाही."

नेट परत आलं तसं त्यांनी शिपणं पुन्हा सुरू केलं. खोलीवर पत्रे घातले होते. माझाच लॅपटॉप घेऊन, थोडं गच्चीवरून, थोडं माझ्या विहिरीतून, यावेळी अख्खं झाड त्यांनी तुटेल तिथून पुढे उतरवलं. ते जुळलं त्या दिवशी बऱ्याच काळानं त्यांनी खाली माझ्याबरोबर चहा घेतला. पण फांदी उतरवता येत नव्हती. ती आठवायची होती. ते बाकड्यावर बसायचे, एखादा शब्द ओठावर यायचा आणि त्याचा नियम आठवायचा नाही. ज्यांच्याकडून घेतले होते ती काही माणसंही आता नव्हती. ते कुणाचा हात धरेनासे झाले होते. मला ते धरणंच बरं वाटायचं.

एका दुपारी ते खाली आले. दार वाजवलं नाही.

"ताई, दोन्ही घालू."

"काय दोन्ही?"

"शिपणं पण आणि शिंपणं पण. आई पण बरोबर, पुस्तक पण बरोबर. टिंब देणाऱ्यानं द्यावं." ते खुर्चीत बसले. "इतकी साधी गोष्ट होती हो. आणि आता एकेक शब्द पाठवायचा. हाताला येईल तो. फांदी वगैरे काही नाही."

तेवढेच दोन शब्द त्यांनी मूळवाल्यांना पाठवले, माझ्या दुकानाच्या मेलवरून, कारण त्यांचा जुना मेल उघडेना. सोबत लिहिलं की ही सुरुवात आहे, मागोमाग बरेच येतील. मी त्या सोमवारच्या कामांतलं 'काकांची फांदी' खोडलं नाही. बाजूला 'सुरू' असं लिहिलं.

ते त्याच थंडीत गेले. दुपारी गच्चीवर खुर्चीत बसल्या बसल्या. झेला कठड्याला टेकवलेला होता आणि वर जाळीत मोबाइल चालू होता.

मूळवाल्यांचं उत्तर त्यानंतर आलं, माझ्याकडे. दोन्ही शब्द घेतले आहेत, आभार, पुढच्या आवृत्तीत दिसतील. बाकीचे केव्हा पाठवता? मी असल्या पत्रांना त्याच दिवशी उत्तर देते. याला बरेच दिवस देऊ शकले नाही. शेवटी एका ओळीत लिहिलं की पाठवणारे आता नाहीत.

आता दुकानात फायबर आलंय. ते अख्खं झाड चहा उकळेपर्यंत उतरेल. उतरवून त्याचं काय करायचं ते मला येत नाही. पुण्याच्या मुलीनं विचारलं होतं, बाबांचं काही ठेवून घेणार का, तेव्हा मी झेला मागून घेतला. तळ्याची दोन रोपं मागच्या वाडीत लागली आहेत. दुपारी दुकान बंद केलं की त्यांना पाणी घालते.

नवी आवृत्ती आली ती मी लगेच चढवली. कोरं पान उघडलं. शिपणं लिहिलं. रेघ नाही. शिंपणं लिहिलं. रेघ नाही. मी ते दोन शब्द कितीतरी वेळ बघत बसले होते, तेवढ्यात भरडखोलची मावशी टोपली खाली ठेवून आत आली. अर्ज करायचा होता. ती सांगू लागली, मी लिहू लागले, आणि पहिल्याच ओळीत तिचा शब्द आला. मी थांबले, पण लिहिला. आगोट. लाल रेघ आली. खाली 'आगाऊ'.

मावशीनं माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं. "चुकलं व्हय?"

"नाही मावशी. बरोबर आहे."

"मग अजून लाल का? झाडवाल्यानं शब्द दिला व्हता मला."

"त्या शब्दाचं शिपणं राहिलं, मावशी," मी म्हटलं, आणि पुढचा शब्द सांगायला सांगितला.